ऑगस्ट २०१८ मधील दिवंगत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच महिन्यात निधन पावलेल्या व्यक्तींची नोंद वेगळी ठेवण्याचे कारण काय, आणि त्यासाठी ऑगस्ट २०१८ च का?

महिन्याची यादी ही मुळात हिशेबाची सोय आहे. दिवाळी अंकांतील स्मरणपाने, डिसेंबरमधील वार्षिक आढावे आणि ग्रंथालयांतील कात्रणवह्या यांना कोठेतरी कप्पे पाडावे लागतात आणि महिना हा त्यांतला सर्वांत हाताशी असलेला कप्पा. एरवी एका पानावर कधी आली नसती अशी माणसे तारखेच्या जोरावर तेथे शेजारी येतात. ऑगस्ट २०१८ हा महिना त्या दृष्टीने फारच भरलेला होता. ७ तारखेला तामिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी, ११ ला लेखक व्ही. एस. नायपॉल, १३ ला सोमनाथ चटर्जी, १५ ला अजित वाडेकर, १६ ला अटलबिहारी वाजपेयी आणि अमेरिकी गायिका ॲरेथा फ्रँकलिन, १८ ला संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान, २२ ला गुरुदास कामत, २३ ला पत्रकार कुलदीप नय्यर, २४ ला विजय चव्हाण, २५ ला अमेरिकी सिनेटर जॉन मॅकेन आणि २६ ला नाटककार नील सायमन असा तो क्रम आहे.

या महिन्याकडे पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते, ते मात्र नावांच्या संख्येमुळे नव्हे. यांतील अनेकांच्या बाबतीत, आयुष्यभर ज्या प्रश्नावर ते भांडले किंवा ज्या प्रश्नाने त्यांना घेरले, तोच प्रश्न त्यांच्या मृत्यूनंतरच्या दोनतीन दिवसांत पुन्हा उभा राहिला. तो कधी जागेच्या रूपाने आला, कधी झेंड्याच्या, तर कधी मृत्युपत्राच्या. पुढील उत्तरांचा भर त्यावर आहे.

अशा यादीत नाव येण्याचा निकष कोणता?

लिखित निकष कोठेही नाही. सार्वजनिक पद, दखलपात्र निर्मिती किंवा एखाद्या क्षेत्रातील सर्वमान्य स्थान यांपैकी काही असेल तर नाव घेतले जाते, असा रूढ व्यवहार आहे. तो बहुतेक वेळा पुरतोही. पण करुणानिधींचे निधन झाले त्याच ७ ऑगस्टला काश्मीरमधील गुरेझ क्षेत्रात घुसखोरांशी लढताना मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे आणि त्यांच्यासोबत तीन जवान हुतात्मा झाले. महाराष्ट्राला मेजर राणे यांचे नाव ठाऊक झाले ते त्या दिवशी. आधी कीर्ती आणि मग मृत्यू, हा यादीचा गृहीत क्रम येथे उलटा होतो. माझ्या मते हे नाव यादीत असायला हवे.

याच महिन्यात केरळमधील महापुराने चारशेहून अधिक बळी घेतले. २५ ऑगस्टला ओणम होता आणि राज्य सरकारने अधिकृत सोहळा रद्द केला होता. त्या बळींची नावे कोणत्याही ‘मान्यवर दिवंगत’ सूचीत नाहीत, तशी ती असण्याची रीतही नाही. मात्र त्या महिन्याचे एकूण चित्र डोळ्यांपुढे आणताना वाचकाने ही रिकामी जागा लक्षात ठेवावी.

निधनाची तारीख कोणत्या देशाच्या वेळेनुसार धरावी?

जेथे मृत्यू झाला तेथील स्थानिक तारीख धरावी. नियम साधा असला तरी चुका येथेच सर्वाधिक होतात. जॉन मॅकेन यांचे निधन ॲरिझोनात २५ ऑगस्टच्या दुपारी साडेचारच्या सुमारास झाले. त्या वेळी भारतात २६ तारखेची पहाट होती आणि सकाळी उठून ज्यांनी बातमी वाचली त्यांनी आपल्या वहीत २६ लिहिले. ती नोंद चुकीची ठरते.

वाजपेयी आणि ॲरेथा फ्रँकलिन यांचा दिवस एकच होता. वाजपेयींचे निधन दिल्लीत संध्याकाळी ५ वाजून ५ मिनिटांनी झाले, तर फ्रँकलिन यांचे डेट्रॉइटमध्ये तेथील सकाळी ९ वाजून ५० मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडील ७ वाजून २० मिनिटांनी. दोहोंत सव्वादोन तासांचे अंतर होते. त्या संध्याकाळी भारतीय वाहिन्यांवर फ्रँकलिन यांना जागा मिळणे शक्यच नव्हते आणि पुढेही मराठीत त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही, यामागे हे साधे वेळापत्रकही आहे.

कुलदीप नय्यर मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाच्या सुमारास गेले. बोलताना लोक ‘बुधवारी रात्री’ म्हणतात. नोंदीत मात्र गुरुवार, २३ ऑगस्ट हेच बरोबर.

‘वयाच्या ९४ व्या वर्षी’ आणि ‘९४ वर्षांचे होते’ यांत फरक आहे का?

आहे, आणि तो एका पूर्ण वर्षाचा आहे. ३ जून १९२४ रोजी जन्मलेल्या करुणानिधींनी ९४ वर्षे पूर्ण केली होती. म्हणून ‘वयाच्या ९५ व्या वर्षी’ किंवा ‘९४ वर्षांचे होते’ असे लिहावे लागेल. २५ डिसेंबर १९२४ चा जन्म असलेल्या वाजपेयींना ९४ वे वर्ष चालू होते, पूर्ण झाली होती ती ९३. नायपॉल यांचा जन्म १७ ऑगस्ट १९३२ चा, म्हणजे ८६ वा वाढदिवस अवघ्या सहा दिवसांवर आला असताना ते गेले. मी एका दिवाळी अंकासाठी तयार केलेल्या स्मरणपानात तीन ठिकाणी ‘व्या’ चुकीचा पडला होता आणि तो मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटला. तेव्हापासून आधी जन्मतारीख लिहायची, वजाबाकी कागदावर करायची आणि मगच वाक्य रचायचे, अशी सवय लावून घेतली आहे.

नावापूर्वी ‘कै.’ लावावे की ‘स्व.’?

प्रत्येक शब्दाला मराठीत परलोकाचा एक पत्ता जोडलेला आहे. कैलासवासी शंकराकडे जातो, वैकुंठवासी विठ्ठलाकडे, तसेच ख्रिस्तवासी आणि पैगंबरवासी. करुणानिधी जाहीरपणे नास्तिक होते. सोमनाथ चटर्जी यांची हयात मार्क्सवादी पक्षात गेली. या दोघांना ‘कैलासवासी’ करणे हे व्याकरणात बसले तरी न्यायाला धरून होत नाही. ‘दिवंगत’ हा शब्द त्यातल्या त्यात तटस्थ मानला जातो, जरी व्युत्पत्तीने तोही स्वर्गातच नेऊन सोडतो. रूढीने त्याची धार गेलेली असल्यामुळे या पानाच्या शीर्षकात तोच घेतला आहे.

‘अंत्यसंस्कार’ या शब्दाबाबतही सावध असावे. सोमनाथ चटर्जी यांनी देहदानाचा संकल्प केलेला होता आणि त्यांचा देह कोलकात्यातील एस. एस. के. एम. रुग्णालयाकडे सोपवण्यात आला. तरीही त्यांच्यावर ‘अंत्यसंस्कार झाले’ असे वाक्य सवयीने लिहून जाते.

करुणानिधींच्या दफनासाठी रात्री न्यायालय का बसवावे लागले?

चेन्नईच्या मरीना समुद्रकिनाऱ्यावर सी. एन. अण्णादुराई, एम. जी. रामचंद्रन आणि जयललिता यांची समाधिस्थळे आहेत. करुणानिधींना आपल्या गुरूशेजारी, म्हणजे अण्णादुराईंच्या समाधीलगत जागा मिळावी, अशी द्रमुकची मागणी होती. तेव्हा सत्तेवर असलेल्या अण्णाद्रमुक सरकारने ती नाकारली आणि गिंडी भागात, राजाजी व कामराज यांची स्मारके जेथे आहेत तेथे, दोन एकर जागा देऊ केली. मरीनावरील स्मारकांविरुद्ध न्यायालयात प्रकरणे प्रलंबित आहेत आणि तेथे पदावर असताना निधन पावलेल्या मुख्यमंत्र्यांनाच जागा मिळाली आहे, अशी कारणे पुढे करण्यात आली.

७ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी निधन झाले आणि त्याच रात्री मद्रास उच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लांबली. दरम्यान प्रलंबित याचिका मागे घेण्यात आल्या आणि सरकारचे मुख्य कारणच उरले नाही. ८ तारखेला सकाळी न्यायालयाने मरीनावर दफनाची परवानगी दिली. राजाजी सभागृहात वडिलांच्या पार्थिवाजवळ उभे असलेले एम. के. स्टॅलिन ही बातमी कानी पडताच हात जोडून रडू लागले. ते दृश्य देशभर पाहिले गेले.

द्रमुक आणि अण्णाद्रमुक यांच्यातील अर्धशतकाचे वैर समजून घ्यायचे असेल तर हे सोळा तास पुरेसे आहेत, असे मला वाटते. १९५७ पासून विधानसभेची एकही निवडणूक न हरता तेरा वेळा निवडून आलेल्या आणि पाच वेळा मुख्यमंत्री झालेल्या माणसाची शेवटची लढत सहा फूट जमिनीसाठी झाली. तीही त्याने जिंकली.

हिंदू कुटुंबातील नेत्याचे दहन न करता दफन का करण्यात आले?

द्राविडी चळवळीने पुरोहित, मंत्र आणि कर्मकांड यांना विरोध केला. पेरियार आणि अण्णादुराई यांचेही दफनच झाले होते. तामिळनाडूतील अनेक समाजांत दफनाची रूढी आहेच. शिवाय राजकीय पक्षाच्या दृष्टीने पाहता राख नदीत मिसळून जाते, समाधी मात्र जागेवर राहते आणि प्रत्येक निवडणुकीपूर्वी तेथे जाऊन फुले वाहता येतात. करुणानिधींच्या शवपेटीवर तमिळमध्ये ओळ कोरलेली होती, तिचा आशय असा: विश्रांती न घेता राबलेला माणूस येथे विश्रांती घेत आहे. १९५२ च्या ‘पराशक्ति’ चित्रपटाचे संवाद लिहिणाऱ्या लेखकाच्या शवपेटीवरही एक संवादच असावा, हे साजेसेच होते.

वाजपेयींच्या निधनानंतरचा सात दिवसांचा दुखवटा म्हणजे नेमके काय होते?

१६ ते २२ ऑगस्ट या काळात शासकीय दुखवटा होता, म्हणजे राष्ट्रध्वज अर्ध्यावर होता आणि कोणतेही शासकीय करमणुकीचे कार्यक्रम झाले नाहीत. दुखवटा आणि सुट्टी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुखवटा जाहीर झाला म्हणून कचेऱ्या सात दिवस बंद राहत नाहीत, सुट्टीचा आदेश वेगळा निघावा लागतो. हा गोंधळ दर वेळी होतो.

वाजपेयी ११ जूनपासून दिल्लीच्या एम्स रुग्णालयात होते. प्रकृती अत्यवस्थ असल्याची बातमी स्वातंत्र्यदिनी संध्याकाळी पसरली आणि दुसऱ्या दिवशी अधिकृत घोषणेच्या आधीच काही ठिकाणी श्रद्धांजल्या प्रसिद्ध होऊन मागे घ्याव्या लागल्या. १७ तारखेला पक्ष मुख्यालयापासून राष्ट्रीय स्मृतिस्थळापर्यंत निघालेल्या अंत्ययात्रेत पंतप्रधान नरेंद्र मोदी पायी चालले. चितेला अग्नी दिला तो मानसकन्या नमिता भट्टाचार्य यांनी. अविवाहित राहिलेल्या या नेत्याच्या घरगुती आयुष्याविषयी कुजबूज पुष्कळ झाली होती. तिला त्यांनी जाहीरपणे कधी फारशी किंमत दिली नाही. मुलीने अग्नी द्यावा की नाही यावर आजही गावोगावी वाद होतात, तेथे देशाने हे दृश्य कोणत्याही खळखळीविना स्वीकारले, ही त्या दिवसाची मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आहे.

वाजपेयींचा महाराष्ट्राशी संबंध किती?

त्यांचा जन्म ग्वाल्हेरचा, म्हणजे शिंदे संस्थानाच्या राजधानीतला, जेथे मराठी घरे आणि मराठी कानावर पडणे ही रोजची बाब होती. पण राजकीय दृष्ट्या दोन प्रसंग अधिक बोलके आहेत आणि दोन्ही मुंबईतले आहेत. एप्रिल १९८० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाचे पहिले महाअधिवेशन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वांद्रे येथे भरले, तेव्हा वाजपेयी पक्षाध्यक्ष होते. पंचवीस वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, पक्षाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त शिवाजी पार्कवर झालेल्या सभेत आपण यापुढे निवडणूक लढवणार नाही, हे त्यांनी सांगितले. पक्षाच्या वाटचालीतील त्यांचा आरंभ आणि निरोप दोन्ही एकाच शहरात झाले.

अजित वाडेकर यांच्या निधनाकडे दुर्लक्ष झाले, असे का म्हटले जाते?

वाडेकर १५ ऑगस्टच्या रात्री मुंबईत गेले. पुढच्याच दिवशी वाजपेयी गेल्यामुळे, एरवी ज्या बातमीने मराठी वर्तमानपत्रांची पाने भरली असती ती एकदोन दिवसांतच मागे पडली. दोष कोणाचाच नाही, पण उणीव राहिली हे खरे. म्हणून येथे थोडे सविस्तर.

१ एप्रिल १९४१ रोजी जन्मलेले वाडेकर डावखुरे, तिसऱ्या क्रमांकावर खेळणारे आणि स्लिपमधील उत्तम झेलकरी होते. १९६६ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी पदार्पण केले. ३७ कसोटींत २११३ धावा आणि एकमेव शतक, १९६८ मधील वेलिंग्टन येथील १४३, एवढे आकडे पाहिले तर थोरवी समजत नाही. ती १९७१ मध्ये आहे. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडी यांच्याऐवजी वाडेकर कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये व मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. भारताने यापूर्वी त्या दोन्ही देशांत एकही कसोटी जिंकली नव्हती.

२४ ऑगस्ट १९७१, ओव्हल. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळले होते आणि भारतापुढे १७३ चे लक्ष्य होते. वाडेकर ४५ वर नाबाद राहून परतले होते. शेवटच्या दिवशी एकही धाव न जोडता ते धावबाद झाले, ड्रेसिंग रूममध्ये आले आणि चक्क झोपले. विजय मिळाला तेव्हा इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी त्यांना उठवून सांगितले. ‘मला खात्रीच होती’ अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणाले, असे सांगतात. तो गणेश चतुर्थीचा दिवस होता आणि भारतीय समर्थकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. दादर-शिवाजी पार्कातल्या एका पिढीने ही कथा इतक्या वेळा ऐकली आहे की ती घरातल्या कोणाची तरी आठवण असल्यासारखी सांगितली जाते.

तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच इंग्लंडमध्ये भारत ०-३ असा हरला, लॉर्ड्सवर ४२ धावांत बाद झाला आणि वाडेकरांची कारकीर्द संपली. त्याच दौऱ्यात भारताने पहिला एकदिवसीय सामना खेळला आणि त्याचेही कर्णधार तेच होते. नव्वदच्या दशकात ते संघाचे व्यवस्थापक-प्रशिक्षक झाले आणि पुढे निवड समितीचे अध्यक्ष.

ते गेले तेव्हाही भारतीय संघ इंग्लंडमध्येच होता. १८ ऑगस्टला ट्रेंट ब्रिजवर सुरू झालेल्या कसोटीत खेळाडूंनी दंडाला काळ्या फिती लावल्या आणि तो सामना भारताने २०३ धावांनी जिंकला.

सोमनाथ चटर्जी यांच्या पार्थिवावर पक्षाचा झेंडा का नव्हता?

कुटुंबाने तो नाकारला म्हणून. पार्श्वभूमी २००८ ची आहे. अणुकराराच्या मुद्द्यावरून डाव्या पक्षांनी मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष असलेल्या चटर्जी यांनी पद सोडावे, अशी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची अपेक्षा होती. अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा नसतो, ही भूमिका घेऊन त्यांनी विश्वासदर्शक ठरावाचे कामकाज चालवले आणि दुसऱ्याच दिवशी, २३ जुलै २००८ रोजी, पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. दहा वेळा लोकसभेवर निवडून आलेल्या खासदाराला चार दशकांच्या नात्यानंतर मिळालेला हा निरोप होता. १३ ऑगस्ट २०१८ ला ते गेल्यावर लाल झेंडा पांघरण्याची आणि पार्थिव पक्ष कार्यालयात नेण्याची विनंती झाली, ती घरच्यांनी मान्य केली नाही. पार्थिव उच्च न्यायालय आणि विधानसभा या दोन ठिकाणी नेण्यात आले, म्हणजे वकील आणि संसदपटू या त्यांच्या दोन ओळखींना मान मिळाला आणि तिसरी वगळली गेली.

नायपॉल आणि कोफी अन्नान यांना एकत्र का आठवावे?

दोघांनाही २००१ चे नोबेल मिळाले होते, नायपॉल यांना साहित्याचे आणि अन्नान यांना संयुक्त राष्ट्रांसह शांततेचे. एक आठवडाभराच्या अंतराने, एक लंडनला आणि दुसरे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, असे दोघे गेले. साम्य येथे संपते. घानातील कुमासी येथे जन्मलेले अन्नान समेटाची भाषा बोलणारे, तर त्रिनिदादमध्ये गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांच्या वंशात जन्मलेले नायपॉल कोणाचीही भीडमुर्वत न ठेवणारे. भारताविषयी त्यांनी लिहिलेले पुष्कळसे वाचताना मराठी वाचकाला राग येतो, पण त्यांच्या भारतावरील तिसऱ्या पुस्तकात मुंबईवरील दीर्घ भाग आहे आणि त्यात नामदेव ढसाळ भेटतात. त्या पानांत टोमणे कमी आणि ऐकून घेणे जास्त आहे, म्हणून आरंभ तेथून करावा.

ॲरेथा फ्रँकलिन यांच्या मृत्युपत्राचा घोळ काय होता?

१८ ग्रॅमी पुरस्कार मिळवणारी आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालेली पहिली स्त्री मृत्युपत्र न करताच गेली, असे आधी मानले गेले. मग २०१९ मध्ये घरात हस्तलिखित कागद सापडले. एक संच कुलूपबंद कपाटात होता, तर २०१४ ची तारीख असलेली वही दिवाणखान्यातील कोचाच्या गाद्यांखाली. खाडाखोड, समासातली टिपणे आणि जेमतेम वाचता येणारे अक्षर. २०२३ च्या जुलैमध्ये ज्यूरीने गाद्यांखालची वही हेच वैध मृत्युपत्र ठरवले. आयुष्यभर पैशाच्या व्यवहारात कोणावर विश्वास न ठेवणाऱ्या, मैफलीचे मानधन रोख मागून घेणाऱ्या बाईंनी वकिलावरही विश्वास ठेवला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

मॅकेन यांच्यासाठी उतरवलेला झेंडा पुन्हा वर का गेला?

अमेरिकी नियमानुसार काँग्रेस सदस्याच्या निधनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी झेंडा अर्ध्यावर राहतो. व्हाइट हाउसने नेमके तेवढेच केले आणि सोमवारी सकाळी झेंडा पूर्ण उंचीवर दिसला. पाच वर्षांहून अधिक काळ व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेल्या सिनेटरसाठी, ज्याचे अध्यक्ष ट्रम्प यांच्याशी उघड वैर होते, हा नियमाचा काटेकोरपणा माजी सैनिकांच्या संघटनांना बोचला आणि दुपारी झेंडा पुन्हा खाली आला. मॅकेन यांनी स्वतः अधिक नेमकी चाल खेळून ठेवली होती. आपल्याला निवडणुकीत हरवणाऱ्या दोघांना, जॉर्ज बुश आणि बराक ओबामा यांना, त्यांनी श्रद्धांजलीचे भाषण करायला सांगून ठेवले होते आणि ट्रम्प यांना निमंत्रण नव्हते.

त्या महिन्यातील आणखी कोणती मराठी नावे नोंदवावीत?

विजय चव्हाण यांचे नाव पहिले. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’ मध्ये नऊवारी नेसून, ‘टांग टिंग टिंगा’ वर फुगडीच्या चपळाईने नाचणारा हा नट बायकी अंगविक्षेपांच्या आहारी कधी गेला नाही. मावशी खरीच कोणाची तरी मावशी वाटायची, आणि पुरुष नटाने स्त्रीवेष घेण्यातला विनोद त्यामुळेच शिळा झाला नाही. २४ ऑगस्टला, वयाच्या ६४ व्या वर्षी, ते गेले. वाजपेयींच्या अस्थिकलशांच्या बातम्या तेव्हा सुरूच होत्या. मुंबईतून पाच वेळा लोकसभेवर गेलेले काँग्रेस नेते गुरुदास कामत २२ ऑगस्टला दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

या सगळ्या नावांत काही समान धागा आहे का?

जागतिक यादीत नाही, आणि तो ओढूनताणून शोधू नये. भारतीय नावांपुरता मात्र एक धागा आहे, आणीबाणीचा. ६ ऑगस्टला गेलेले आर. के. धवन हे इंदिरा गांधींचे खासगी सचिव, त्या काळातील सत्तेचे दार ज्यांच्या हाती होते असे गृहस्थ. त्याच काळात कुलदीप नय्यर तिहार तुरुंगात होते, वाजपेयींना बेंगळुरूत अटक झाली होती आणि करुणानिधींचे सरकार ३१ जानेवारी १९७६ रोजी बरखास्त करण्यात आले होते. दार राखणारा आणि दाराबाहेर काढलेले तिघे अठरा दिवसांत गेले. नय्यर, करुणानिधी आणि वाजपेयी यांचे जन्म ऑगस्ट १९२३ ते डिसेंबर १९२४ या सोळासतरा महिन्यांतले आहेत. म्हणजे येथे योगायोगाइतकाच वयाचाही भाग आहे.

तो महिना अशुभ होता का?

हा प्रश्न खरोखर येतो. २७ जुलैचे खग्रास चंद्रग्रहण आणि ११ ऑगस्टचे सूर्यग्रहण यांचा दाखला दिला जातो. ते सूर्यग्रहण भारतातून दिसलेही नव्हते. वर आलेली बहुतेक माणसे ऐंशी-नव्वदीतली आणि दीर्घकाळ आजारी होती. आंध्रचे नेते व अभिनेते एन. हरिकृष्ण मात्र २९ ऑगस्टला नलगोंडा जिल्ह्यात मोटार अपघातात गेले, आणि त्याचे कारण ग्रहांत नव्हे, रस्त्यावर शोधावे.

जैन मुनी तरुणसागर यांचे नाव का नाही?

ते १ सप्टेंबरला गेले.

अशी यादी पूर्ण झाली असे कधी समजावे?

महिना संपला की नावे थांबतात, नोंदी थांबत नाहीत. मॅकेन यांचे दफन २ सप्टेंबरला झाले, अन्नान यांचे १३ सप्टेंबरला अक्रा येथे. वाजपेयींचे ‘सदैव अटल’ हे स्मारक त्यांच्या जन्मदिनी, २५ डिसेंबर २०१८ रोजी खुले झाले. फ्रँकलिन यांच्या वहीचा निकाल लागायला पाच वर्षे गेली. आणि ज्या जागेसाठी रात्री न्यायालय बसले होते, त्या मरीनावरील करुणानिधींच्या स्मारकाचे उद्घाटन २६ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. ते करणारे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन होते.